घट्ट म्हणजे किती घट्ट?

खरं सांगा, तुमच्या ऑफिसात एखादी गोष्ट बिघडली की पहिला उपाय काय असतो? आमच्याकडे एकच फंडा आहे : घट्ट करा! डेडलाइन हुकली? फॉलोअप घट्ट करा. क्लायंट भडकला? रोज सकाळी नऊला कॉल लावा. मी गोरेगावच्या एका कंपनीत टीम लीड आहे, म्हणजे लोकांना पिळण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे गेल्या जूनमध्ये पप्पांच्या गाडीखाली ऑइल गळताना दिसलं तेव्हा मी जे केलं, ते मला अगदी नॅचरल वाटलं होतं.

गाडी म्हणजे टाटा ४०७. कागदोपत्री छोटा ट्रक, वसईत सगळे टेम्पो म्हणतात, आणि पप्पा फक्त ‘गाडी’ म्हणतात. हे मॉडेल १९८६ साली बाजारात आलं, म्हणजे वयाने माझ्यापेक्षा थोरलं. आमची गाडी मात्र २०१२ची. वालीवच्या औद्योगिक गाळ्यांमधून मालाचे बॉक्स भरायचे, हायवेने चिंचोटीपर्यंत जायचं, तिथून कामणमार्गे भिवंडीची गोदामं गाठायची, हा पप्पांचा रोजचा रूट. कामणच्या रस्त्यावरून कधी गेला असाल, तर तिथले खड्डे मी वेगळे सांगायला नकोत.

भुईगावला आमच्या वाडीत चिंचेखाली गाडी उभी असते आणि तिच्या पोटाखाली कायम एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर काळा डाग. डाग मोठा झाला की पप्पा पुठ्ठा बदलायचे. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारं चेंबर असतं आणि त्याच्या बुडाला ऑइल काढायचा नट, म्हणजे ड्रेन प्लग. तिथून थेंब थेंब गळायचं. दर रविवारी पप्पा पाना घेऊन खाली सरकायचे, जरासा पीळ द्यायचे, दोन दिवस बरं चालायचं. मी काही बोललो की म्हणायचे, “अरे, गाडी आहे. थोडं गळणारच.”

मीही ते सोडून दिलं होतं. पण जूनचा पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी आईने हाक मारली. ती बावखलाच्या काठावर उभी होती.

बावखल म्हणजे काय, हे वसईबाहेरच्यांना सांगावं लागतं. वाडीतली ही गोड्या पाण्याची छोटी तळी. पूर्वजांनी खणलेली. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरी जिवंत राहतात. केळी, पानवेली, फुलझाडं, सगळं यावर जगलं. एके काळी रहाटाने पाणी काढायचे. बरीच बावखलं आता बुजली, त्यावर इमारती आल्या. आमचं अजून आहे, आणि आईचा त्यावर भारी जीव.

त्या दिवशी बावखलाच्या एका कोपऱ्यात पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगत होतं. पावसाने पुठ्ठा भिजवून पार लगदा केला होता आणि ऑइल पाटाने वाहत पाण्यात आलं होतं. आई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “तुझ्या आजीने या पाण्यात कधी साबण लावू दिला नाही.”

झालं! माझ्यातला टीम लीड जागा झाला. आधी डेटा. गाडीखाली डबा ठेवला, मोबाइलवर टायमर लावला. मिनिटाला दहा थेंब. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे वीस हजार थेंबांचा एक लिटर. दिवसाला चौदा हजार चारशे थेंब, म्हणजे जवळजवळ पाऊण लिटर! आणि हे गाडी उभी असताना. इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं, मग आणखी भराभर गळतं. दर महिन्याला पप्पा ऑइलचे कॅन का आणतात, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

पप्पा चर्चगेटला एका लग्नाला गेले होते. मी चाकांना दगड लावले, गोणपाट अंथरलं आणि गाडीखाली सरकलो. प्लगला रिंग पाना लावला. पप्पा हाताच्या जोरावर फिरवायचे, मी डोकं चालवलं. विहिरीजवळ पडलेला लोखंडी पाइप पान्याच्या दांड्यात अडकवला. दांडा लांब झाला की जोर वाढतो, हे शाळेत शिकलो होतो. दोन्ही हातांनी ओढलं. प्लग फिरला. अजून ओढलं. फिरला. मग एक बारीक ‘कट्ट’ झालं आणि एकदम हाताला हलकं लागलं.

ते ‘हलकं’ मला कळलं होतं. हे इथे मुद्दाम लिहितोय. काहीतरी चुकलं, असं अर्धा सेकंद वाटून गेलं. पण बाहेर आलो, डबा पाहिला, एक थेंब नाही! पंधरा मिनिटं थांबलो. कोरडं. मग कशाला डोकं लावायचं? पाइप चिंचेखाली टाकला, अंघोळ केली आणि संध्याकाळी पप्पांना नवा कोरा पुठ्ठा दाखवला. “बघा, कसं फिट केलंय.” त्यांनी वाकून पाहिलं. “जमलं की रे,” म्हणाले. पप्पांच्या तोंडून हे ऐकणं म्हणजे माझ्यासाठी अप्रेझलपेक्षा मोठी गोष्ट. सोमवारी ऑफिसात मी हा किस्सा जाम रंगवून सांगितला.

बुधवारी अकराला रिव्ह्यू मीटिंग होती. फोन सायलेंटवर. स्क्रीनवर ‘पप्पा’ उमटलं, मी कट केला. पुन्हा उमटलं, पुन्हा कट. चौथ्या वेळी ‘मीटिंगमध्ये आहे’ असा रेडीमेड मेसेज पाठवला आणि फोन उलटा ठेवला. मीटिंग लांबली, तिथून तसाच दुसरीत गेलो. संध्याकाळी गाडीत बसल्यावर मी त्यांना फोन केला. मागून कुणीतरी हातोडा मारत होतं. पप्पा म्हणाले, “काही नाही रे. प्लग निसटला. टोचन करून फाट्यावर आणली गाडी. तू ये सावकाश.”

बाकीचं रात्री आईने सांगितलं. कामणच्या पुढे एका खड्ड्यातून गाडी आपटत निघाली आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा पेटला. पप्पांनी त्याच क्षणी इंजिन बंद केलं आणि होती तेवढ्या वेगात गाडी कडेला घेतली. हे त्यांनी केलं नसतं तर? ऑइलशिवाय इंजिन चाललं की आतले बेअरिंग लोखंडावर लोखंड घासून तापतात आणि काही मिनिटांत इंजिन जॅम होतं. मग दुरुस्ती नाही, आख्खं इंजिन खोलावं लागतं. आमच्या घरात त्याचा अर्थ, गाडी विकायची.

ते सगळं वाचलं. पण पप्पा अकरापासून साडेतीनपर्यंत पावसात गाडीजवळ उभे होते. मला फोन करत होते, कारण ओळखीच्या टेम्पोवाल्यांचे नंबर त्यांच्या जुन्या फोनमध्ये अडकले होते आणि ते माझ्याकडे होते. शेवटी रस्त्याने जाणारी एक गाडी थांबली, माल त्यात चढवला. उशीर झाला म्हणून पार्टीने भाडं कापलं. मी जेवलो, झोपलो. ‘कट्ट’बद्दल कुणालाच बोललो नाही.

शनिवारी सुट्टी होती. पप्पांबरोबर वसई फाट्यावरच्या गॅरेजला गेलो. तिथल्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. साठीचे असतील. त्यांनी तळहातावर आमचा प्लग ठेवून माझ्यासमोर धरला. प्लगच्या आट्यांमध्ये एक चकचकीत तार गुंडाळलेली होती, पेनमधल्या स्प्रिंगसारखी.

“ये चेंबर की चूडी है,” चाचा म्हणाले. “पूरी निकल के आ गयी.”

म्हणजे ती तार नव्हतीच. चेंबरच्या भोकातले आटे होते ते, सोलून निघालेले. रविवारी मला जे ‘हलकं’ लागलं ते हेच. आटे तुटले होते आणि प्लग दोन-तीन शिल्लक वेढ्यांवर लटकत होता. कामणच्या खड्ड्यांनी उरलेलं काम केलं.

“किसने कसा था?” चाचांनी विचारलं.

“मैंने,” पप्पा म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ऑफिसमध्ये असताना चुकीचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर कसं जातं, हे मी रोज बघतो. कधी कधी ते ढकलायला मीही हातभार लावलाय. माझी चूक कुणी असं, एका शब्दात, स्वतःच्या नावावर घेतल्याचं मला आठवत नाही. घसा कोरडा झाला. म्हटलं, “चाचा, मी कसला. पाइप लावून.”

चाचा हसायला लागले. पप्पा म्हणाले, “माहीत आहे. पाइप चिंचेखाली पडला होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“थेंब थांबला होता ना. मलाही वाटलं, जमलं.”

त्यानंतरचे चार तास चाचांनी मला कामाला लावलं. आधी सगळं चेंबर उतरवलं. मी विचारलं, गाडीवरच नवे आटे पाडता येणार नाहीत का? येतात, म्हणाले, पण टॅप फिरवताना लोखंडाचा कीस आत पडतो, आणि तो ऑइलबरोबर पंपात, बेअरिंगमध्ये गेला तर कामण परवडलं म्हणायची वेळ येते. म्हणून चेंबर खाली. मी ते डिझेलने धुतलं. तळाशी चिखलासारखा काळा गाळ होता, तो नखांत गेला आणि सोमवारच्या मीटिंगपर्यंत निघाला नाही.

धुतलेलं चेंबर टेबलावर घेऊन चाचांनी भोक जरा मोठं केलं आणि एक साइझ मोठा टॅप मारला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मध्ये तेल. मागे कशाला? तर कापलेला कीस मोडून बाहेर पडायला. सलग जोर लावला की टॅपच आत तुटतो. मोठ्या भोकाला मोठा प्लग हवा, तो वालीवच्या एका गाळ्यातून लेथवर करून आणला. चेंबरचं पॅकिंग नवं घातलं.

आणि मग चाचांनी खिशातून एक तांब्याची चकती काढली. वायसर. दहा रुपयांचा.

“असली बीमारी ये है,” म्हणाले.

मला वाटायचं, ऑइल अडवतात ते आटे. म्हणून जितकं घट्ट, तितकं चांगलं. चुकीचं! आटे फक्त प्लग धरून ठेवतात. ऑइल अडवतो तो मधला वायसर. प्लगही कडक, चेंबरही कडक. दोन कडक पृष्ठभाग कितीही दाबा, मधे केसाएवढी फट राहतेच आणि ऑइलला तेवढी पुरते. तांबं मऊ असतं. ते दबतं, दोन्हीकडच्या बारीक खाचांमध्ये बसतं आणि वाट बंद होते. पण एकदा दबलं की तांबंही कडक होतं. पुन्हा तोच वायसर लावला तर तो दबत नाही आणि गळती सुरू होते. मग माणूस अजून पिळतो. आटे ताणले जातात, गळती थांबत नाही. आमच्या गाडीत एकच वायसर किती वर्षं होता? पप्पांनी मान खाली घातली. चार वर्षं. प्रत्येक वेळी ऑइल बदललं की पालथा करून तोच.

तातडीला जुना वायसरही चालतो, चाचांनी करून दाखवलं. गॅसवर लालभडक तापवायचा, थंड होऊ द्यायचा. तांबं पुन्हा मऊ पडतं. आधी टणक असलेली चकती नंतर त्यांनी बोटांनी वाकवली. लोखंडाचं कडकपण पाण्यात विझवून वाढतं, तांब्याचं तसं नाही, तापवलं की ते नरमच होतं.

आणखी एक गोष्ट. गळती दिसली की प्लगवरच आळ घ्यायचा नाही. ऑइल वरच्या कुठल्या तरी पॅकिंगमधून झिरपून प्लगवर येऊन थेंब होऊ शकतं, कारण सगळ्यात खालची जागा तीच. म्हणून आधी सगळं पुसून कोरडं करायचं, टाल्कम पावडर फासायची आणि इंजिन चालू ठेवून बघायचं. पावडरवर ओला ओघळ जिथून सुरू होतो, तिथे आजार. आमच्या ऑफिसात रूट कॉज अ‍ॅनालिसिसची पन्नास स्लाइड्सची टेम्प्लेट आहे. चाचांकडे पावडरचा डबा आहे.

शेवटी प्लग लावायची वेळ आली, तेव्हा चाचांनी पाना माझ्या हातात दिला. छोटा, वीतभर. मी मोठा शोधायला लागलो तर हात पकडला. “यही से.” आधी नुसत्या बोटांनी प्लग फिरवायला लावला. बोटांनी जात नसेल तर आटा वाकडा बसलाय, तिथे जोर लावायचाच नाही. प्लग बोटांनी पूर्ण आत गेला, वायसर टेकला. मग पाना. थोडं फिरवलं. तांबं दबतंय, हे हाताला कळलं. अजून जरासं. आणि चाचा म्हणाले, “बस.”

मी म्हटलं, “एवढंच?”

“इतनाही.”

माझा हात अक्षरशः शिवशिवत होता. आणखी एक पीळ दिला तर जास्त सेफ नाही का? नाही. तो जास्तीचा पीळच तर मला चार मिस्ड कॉलपर्यंत घेऊन गेला होता.

नवं ऑइल भरलं, इंजिन सुरू केलं. लाल दिवा लागला आणि विझला. पावडर पांढरीच राहिली. जुनं ऑइल चाचांनी ड्रममध्ये ओतलं. जळकं ऑइल गटारात किंवा मातीत टाकायचं नसतं, ते रिसायकलवाले नेतात. मला बावखलाचा कोपरा आठवला.

परत येताना गाडी पप्पांनी चालवली. सातिवलीच्या सिग्नलला थांबलो, तेव्हा मी म्हटलं, “सॉरी. बुधवारी फोन उचलला नाही.” त्यांनी वायपर चालू केला. “तुझी मीटिंग होती,” म्हणाले. मग थोड्या वेळाने, “मीही दरवेळी पिळतच होतो की. वायसर बदलायला काय झालं होतं मला?”

बस, एवढंच बोलणं झालं. आमच्यात एवढंच होतं. पण घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडे फोन दिला आणि टेम्पोवाल्यांचे सगळे नंबर त्यात सेव्ह करून घेतले. माझा नंबर मी फेव्हरिटमध्ये टाकला आणि माझ्या फोनवर त्यांचा कॉल सायलेंटमध्येही वाजेल असं सेटिंग केलं. मीटिंगमध्ये एकदा वाजला, सगळ्यांनी वळून पाहिलं. मी उचलला. जग बुडालं नाही.

सोमवारच्या नऊच्या कॉलबद्दलही सांगतो. तो मी आठवड्यातून दोनदा केला. टीममधल्या ज्या मुलाला मी सारखा पिळत होतो, त्याला विचारलं की नेमकं कुठून गळतंय. त्याच्याकडे येणारं काम तिसऱ्याच कुणामुळे अडकत होतं. पावडर फासून बघितलं असतं तर सहा महिने आधीच कळलं असतं. अर्थात, सगळंच काही एका वायसरने सुटत नाही, आणि माझा बॉस अजूनही पाइप लावूनच बोलतो.

पाऊस संपेपर्यंत बावखलावर इंद्रधनुष्य पुन्हा दिसलं नाही. पप्पांनी मात्र पुठ्ठा सोडलेला नाही. सवय! आता ते दर रविवारी त्याचा फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. मी शेजारच्याच खोलीत असतो तरी पाठवतात. फोटोत काही नसतं. नुसता कोरडा, खाकी पुठ्ठा.

मी अंगठा दाखवतो.